आमच्या परसातलं धन

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा, म्हणजे वन्संचा धाकटा, आला तो खांद्यावर एक लांब दांडी आणि तिच्या टोकाला ताटलीएवढी चकती घेऊनच. मला वाटलं, गवत कापायचं यंत्र असेल.

"मामी, मेटल डिटेक्टर आहे. मित्राकडून चार दिवसांसाठी मागून आणलाय. आपल्या परसात सोनं शोधू!"

सोनं म्हटल्याबरोबर पडवीत शेंगा फोडत बसलेल्या आमच्या सासूबाईंचा हात थांबला. मी ते पाहिलं, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. घर जुनं, चार पिढ्यांचं. मागं विहीर, तिच्याजवळ धुण्याचा दगड, पारिजातक, कढीपत्ता आणि कडेला लिंबाचं झाड. जुन्या घराला जशी एक गोष्ट असतेच, तशी आमच्याही घराला आहे. लिंबाखाली मोहरांचा हंडा पुरलेला आहे आणि त्यावर नाग बसलाय! तुमच्याही सासरी-माहेरी असा एखादा हंडा असेलच. आमच्या एका चुलतसासऱ्यांनी म्हणे त्यापायी एका उन्हाळ्यात कुंपणाची अख्खी भिंत उकरली होती. हंडा काही निघाला नाही, भिंत मात्र पहिल्याच पावसात बसली.

भाच्यानं मला यंत्र समजावून सांगितलं. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, विज्ञानाशी माझा संबंध बेताचाच, तरी कळलं ते असं. चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगातही बारीक वीज फिरू लागते, आणि तिची चाहूल यंत्राला लागून ते वाजतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी अशाच युक्तीनं शोधायचा प्रयत्न केला होता. गोळी सापडली नाही. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला, असं सांगतात. साधं यंत्र एखादं नाणं फार तर वीतभर खोलीवर ओळखतं. म्हणजे हंडा पुरुषभर खोल असला तर नागोबा निर्धास्त!

पहिल्याच दुपारी यंत्र भिंतीकडेला असं काही किंचाळलं की हे सुद्धा वर्तमानपत्र टाकून बाहेर आले. भाच्यानं कुदळ उचललीच होती. तेवढ्यात ह्यांना आठवलं, "अरे थांब, तिथं अर्थिंगचा खड्डा आहे!" तेव्हा बायांनो, कुणी असला उद्योग करणार असेल तर आधी वायर कुठून गेली आहे, नळाचा पाइप कुठं आहे, संडासाची टाकी कुठं आहे, हे घरच्या माणसांना विचारून घ्या. खणायला कुदळ नको, बागेतलं खुरपं पुरतं. हातात जाड मोजे हवेत. आमच्या परसात गंजके खिळे आणि फुटक्या काचाच जास्त निघाल्या.

दोन दिवसांची कमाई अशी : खिळे चाळीसएक, बिजागऱ्या दोन, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, नळाची एक चावी आणि माझाच हरवलेला पोह्याचा चमचा. आमच्याकडच्या काळ्या खडकाच्या मातीत लोहाचा अंश असल्यानं यंत्र उगीचच कुरकुरतही होतं. मुलं कंटाळून आत गेली.

मग पारिजातकाखाली भोकाचा पैसा निघाला. त्यावर १९४४ हे साल. तांब्याच्या टंचाईमुळं युद्धकाळात, १९४३ पासून, असे भोकाचे पैसे पाडत. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही हे करगोट्यात ओवायचो." त्याच्या खाली चार बोटांवर ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा मिळाला, १८३५ चा. आणि विहिरीच्या बाजूला दोन जाड, ओबडधोबड, हिरव्या पडलेल्या चकत्या. एकीवर बोट फिरवलं तर 'राजा' एवढी अक्षरं लागली. शिवराई! एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवाजी महाराजांनी हे तांब्याचं नाणं पाडलं आणि पुढं पेशवाईतही त्याच नावानं शिवराया पाडल्या जात राहिल्या. दरवर्षी मी मुलांना फळ्यावर तिचं चित्र काढून दाखवते. ती माझ्या परसात, मी रोज खरकटं पाणी ओतते तिथं पडलेली होती!

शिवराई हातात आल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? चिंच आणि मीठ. तांब्या-पितळेची भांडी लख्ख करायची सवय हाताला लागलेली. पण ते करू नका. चिंचेचं आम्ल नाण्याचा वरचा थर खातं आणि झिजकी अक्षरं त्याबरोबर निघून जातात. चकाकी येते, पण नाणं पुसून जातं, आणि किंमतही. पितांबरी, राख, घासणी, काही नको. साध्या पाण्यात माती भिजू द्यावी, मऊ कुंचल्यानं हलकेच काढावी, सावलीत पूर्ण वाळवावं आणि साध्या कागदाच्या पुडीत ठेवावं. वर कुठं, किती खोल, कधी सापडलं ते लिहावं. मऊ प्लॅस्टिकच्या चकचकीत पिशव्यांत ठेवलं तर काही वर्षांनी नाण्याला हिरवा चिकट थर येतो.

किमतीचं म्हणाल तर साधी, झिजलेली शिवराई काही कुणाला श्रीमंत करत नाही. शेजारच्या वहिनींनी लगेच मोबाइलवर दाखवलं, 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या.' असल्या जाहिरातींपासून चार हात लांब राहा. आधी 'कमिशन' भरायला लावतात आणि पैसे घेऊन पसार होतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं की बँक अशा व्यवहारांत नाही आणि कुणाकडून कसलं शुल्कही घेत नाही.

आणि आपल्या अंगणात सापडलं म्हणजे आपलंच, असंही नाही बरं का! १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर काय, कुठं, कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं आणि वस्तू सरकारी तिजोरीत ठेवावी लागते, नाहीतर मागाल तेव्हा हजर करू अशी हमी द्यावी लागते. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चौकशीत कुणी मालक ठरला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जागेच्या मालकाचा. सरकार हवं तर मोबदला देऊन वस्तू घेऊ शकतं. आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहून तहसील कचेरीत दिला. हे म्हणाले, "दोन शिवरायांसाठी अर्ज?" मी म्हटलं, "शाळेत मुलांना नागरिकशास्त्रही मीच शिकवते."

शिवाय ढीग अख्खा राहिला तरच तो काही सांगतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथं क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला होता. ती एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती तर सातवाहनांच्या त्या विजयाचा एवढा मोठा पुरावा आपण घालवला असता. इंग्लंडात हॉक्सन गावी १९९२ मध्ये एक गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना रोमन काळातला खजिना लागला, नाणीच १४,८६५. त्यांनी खणणं थांबवून कळवलं, म्हणून जाणकारांना तो नीट काढता आला. तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

तर चौथ्या दिवशी यंत्र परत जायचं होतं. सकाळी भाचा धुण्याच्या दगडापाशी सहज फिरवत होता. बारीकसा आवाज झाला. "चांदी कागद असणार," तो म्हणाला. सोन्याचा लहान जिन्नस आणि चॉकलेटचा कागद यांचा आवाज यंत्राला सारखाच वाटतो. तो पुढं निघाला, तर मागून सासूबाई म्हणाल्या, "तिथं खण." कधी नव्हे तो त्यांचा आवाज चढलेला.

दगडाच्या सांदीतून, बोटभर खाली, मोत्याची कुडी निघाली. तारेचं सोनं तसंच पिवळंधमक. मोती राखेसारखे, दोन तर नव्हतेच.

आईंनी ती हातात घेतली आणि विहिरीच्या काठावर बसल्या. मग कळलं. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी ही कुडी हरवली होती. त्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या बाई मोरीत एकट्याच होत्या. आईंनी त्यांना चोर म्हटलं, कामावरून काढलं आणि गल्लीत सांगितलंही. बाकीच्या चार घरांनीही काम बंद केलं. विधवा बाई, पदरात दोन मुलं. "ती दगडावर हात ठेवून शपथ घेत होती, याच दगडावर," आई म्हणाल्या.

त्या बाई गेल्याला काही वर्षं झाली. त्यांची मुलगी मंगळवारच्या बाजारात भाजीला बसते. मी तिच्याकडूनच मेथी-कोथिंबीर घेते. इतरांशी हसून बोलणारी ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मला वाटे, स्वभाव असेल.

मंगळवारी आई म्हणाल्या, "बाजाराला मी येते." गुडघेदुखीमुळं त्या वर्षात दोनदाही बाहेर पडत नाहीत. तिच्यासमोर जाऊन त्यांनी मूठ उघडली. "दगडाखाली होती. तुझ्या आईनं घेतली नव्हती. माझी चूक झाली."

तिनं कुडीकडं बघितलं. "मला हे ठाऊक होतं, आजी. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगा." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वांगी तोलू लागली. आईंनी कुडी पुढं केली, ती तिनं घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर आईंनी लुगडं बदललं आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." त्या चार घरांपैकी एक पडून तिथं दुकानं झाली आहेत. पहिल्या घरी आजी अंथरुणावर होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईंचा हात धरून ठेवला. दुसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, "अहो, कशाला आता जुनं उकरता? चहा घ्या." आईंनी चहा घेतला नाही, पण सगळं सांगूनच उठल्या.

तिसऱ्या घराला कुलूप होतं. पायरीवर जरा टेकल्या आणि म्हणाल्या, "उद्या परत येऊ."