पनवेलची नगरपालिका

पनवेलकर अभिमानाने सांगतात, आमची नगरपालिका 1852 सालची, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. अभिमान रास्तच आहे. पण त्या वर्षी गावाच्या हाती नेमके काय आले?

तेव्हा पनवेल म्हणजे मुंबई-पुणे वाटेवरचे भरभराटीचे बंदर. मुंबईहून होडीने खाडीत यायचे आणि इथून बोरघाटाकडे निघायचे. रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई यांची सोय हवी होती. 1850 च्या 26व्या कायद्याने ती होऊ शकत होती: रहिवाशांनी मागणी करायची आणि सरकारने मॅजिस्ट्रेटसोबत गावातले काही जण कमिशनर म्हणून नेमायचे. कर गावाचा, नेमणूक सरकारची.

त्याआधीच्या तीन दशकांत गावचा जुना कारभार पोखरला गेला होता. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखावरच्या आपल्या अहवालात गावांच्या स्वयंपूर्ण व्यवस्थेची वाखाणणी केली होती. पंचायती टिकाव्यात असेही त्याला वाटत होते. पण तंटे कचेऱ्यांकडे गेले आणि रयतवारीत सरकार प्रत्येक खातेदाराशी थेट बोलू लागले. एकत्र बसून ठरवण्यासारखे गावाकडे फारसे उरले नाही. जुनी पंचायत सगळ्यांची नव्हती. अस्पृश्यांना आणि स्त्रियांना तिथे निर्णयाचा हक्क नव्हता. तरी निर्णय गावातच होत असे, आणि ते गमावणे मला मोठे नुकसान वाटते.

1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि पनवेलची वाट मागे पडली. 1883 मध्ये सरकारने तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडला. जिल्ह्याचे मुख्यालय आता अलिबाग. व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याबद्दलच्या 1882 च्या ठरावानंतर, 1884 च्या मुंबई कायद्याने नगरपालिकांत निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळाली, पण मत कर भरणाऱ्या मोजक्यांनाच.

पूर्ण मताधिकार स्वातंत्र्यानंतर आला. 1 ऑक्टोबर 2016 रोजी ही नगरपालिका आणि 29 गावे मिळून महापालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोलीसारख्या सिडको वसाहतीही तिच्यात आल्या. तिथे 2016 पासूनचा मालमत्ता कर मागितला गेला. रहिवासी म्हणत होते, त्या काळात सेवा तर सिडकोने दिल्या. हा वाद चालू असतानाच 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही, कारभार प्रशासकाकडे गेला. कराची तक्रार घेऊन निघालेल्या माणसाला जाब विचारण्यासाठी प्रभागात नगरसेवकच नव्हता.