एकच आज्ञा, दोन कारणं: बायबलमधला शनिवार आणि पेण-रोह्याचे 'शनिवार तेली'

सोशल मीडियावर बायबलमधली दोन वचनं शेजारीशेजारी ठेवलेली पोस्ट अधूनमधून फिरते. खाली प्रश्न असतो: यातलं खरं कोणतं? अशा जोड्यांपैकी एक थेट रायगड जिल्ह्याशी जोडता येते. ती आहे शनिवारच्या विश्रांतीची.

शनिवार तेली कोण?

पेण, रोहा, अलिबाग, रेवदंडा या भागात बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं गावांवरूनच आली. अनेकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ही सुट्टी म्हणजेच शब्बाथ.

मग फरक कुठे आहे?

शब्बाथची आज्ञा दहा आज्ञांमध्ये येते आणि या दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा दिल्या आहेत.

• निर्गम, अध्याय २०: शब्बाथची आठवण ठेवा. कारण देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली.

• अनुवाद, अध्याय ५: शब्बाथ पाळा. कारण तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि देवाने तुम्हाला सोडवलं. तुमच्याप्रमाणे तुमच्या दास-दासींनाही विसावा मिळावा.

याचा उलगडा कसा करतात?

ज्यू परंपरा सांगते की 'आठवण ठेवा' आणि 'पाळा' हे दोन्ही शब्द देवाने एकाच वेळी उच्चारले. शुक्रवारी संध्याकाळी दोन दिवे लावण्यामागेही हेच कारण सांगितलं जातं.

ग्रंथातली कथा पाहिली, तर दुसऱ्या वेळी मोशे बोलतोय तो सुमारे ४० वर्षांनंतर, नव्या पिढीशी. आधुनिक अभ्यासक वेगळं सांगतात. त्यांच्या मते हे दोन मजकूर वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी घडले आणि नंतर एकत्र आले.

कोणतंही उत्तर घेतलं, तरी एका आज्ञेला दोन कारणं असू शकतात. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

म्हणजे बायबलमध्ये विसंगती नाहीच का?

असंही नाही. दावीद राजाने केलेली शिरगणती पाहा. २ शमुवेल, अध्याय २४ म्हणतो की देवाने त्याला प्रवृत्त केलं. १ इतिहास, अध्याय २१ म्हणतो की सैतानाने. आकडेही जुळत नाहीत. पहिल्यात इस्राएलचे ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख लढवय्ये आहेत, दुसऱ्यात ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. टीकाकारांनी यावर अनेक स्पष्टीकरणं दिली, पण फरक खराच आहे. विशेष म्हणजे ग्रंथ जपणाऱ्यांनी दोन्ही मजकूर तसेच ठेवले, एकही पुसला नाही.

याने कुणाला काय फरक पडतो?

बेने इस्रायलींना पडला. कोकणात त्यांनी शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम जपले, पण रब्बींनी पुढे शतकानुशतकं केलेला अर्थविस्तार त्यांच्यापर्यंत दीर्घकाळ पोहोचला नव्हता. इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यावर तिथल्या रब्बींनी नेमका यावर बोट ठेवलं: यांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील का? १९६२ मध्ये, बेने इस्रायलींची इतर ज्यूंशी लग्नं लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना निघाल्या. समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केलं. अखेर १९६४ मध्ये इस्रायल सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

मूळ ग्रंथ दोघांचा एकच होता. वाद होता तो त्याचा अर्थ कुणी आणि कसा लावायचा याचा.

पुढची पोस्ट आली तर काय पाहाल?

• वचन कोणत्या पुस्तकातलं आहे, कोण कुणाशी बोलतंय?
• फरक कारणात आहे की घटनेत?
• मागचा-पुढचा मजकूर कापला आहे का?

एवढं तपासलं की काही विसंगती गळून पडतात आणि काही उरतात. ज्या उरतात, त्यांच्यावर चर्चा करण्यात अर्थ आहे.