पाणी न घालण्याचं काम

पहाटे 5.30
रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे थांबलाय. पागोळ्या मात्र अजून गळतायत. रामनगर, तालुका जोयडा, कर्नाटक. श्रावणातला शुक्रवार. परसात रोपं वाढवून विकणाऱ्या वहिनींच्या घरी मी आजचा दिवस काढणार आहे. त्या हातात बॅटरी आणि कडीचा डबा घेऊन परसात येतात. परसात बांबूचा मांडव आहे. त्यावर दोनशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद ताणून बांधलाय, बाजू उघड्या. आत चिरे रचून त्यावर फळ्या टाकल्यात, तीन पायऱ्या. फळ्यांवर छोट्या कुंड्या, एकीला एक न चिकटता. एचेव्हेरिया, हॉवर्थिया, गॅस्टेरिया, सेडम, जेड. जाड पानांची, पाणी पोटात साठवून ठेवणारी ही झाडं. त्यांना सगळे सकुलंटच म्हणतात.

दिवसाचं पहिलं काम गोगलगायी वेचायचं. उजाडलं की त्या फळ्यांखाली जातात, म्हणून अंधार असतानाच. एचेव्हेरियाचं एक पान कुरतडलं तर तो व्रण महिनोन् महिने दिसत राहतो, आणि डागाचं झाड कोणी घेत नाही. वहिनी एकेक कुंडी उचलून तळ बघतात. डब्यात मिठाचं पाणी आहे. आज एकवीस निघाल्या.

6.10
कुंपणाशी पानफुटी माजलीय. कोणी लावलेली नाही. पान गळून पडलं की त्याच्या कडेला रोपं फुटतात. वहिनी एका पानाचा कोपरा खुडून माझ्या हातावर ठेवतात. "चावून बघा नि थुंकून टाका. गिळू नका."

चांगलंच आंबट लागतं.

बेंजामिन हाइन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या काळात दक्षिण भारतात काम करत होता. त्याने हेच पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखलं आणि 1813 साली पत्राने विलायतेत कळवलं की सकाळी ते आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी थोडं कडवट. त्यामागचं कारण शास्त्राला नीट उलगडायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात. ही झाडं रात्री उघडतात. उन्हात उघडली तर पाणी उडून जाईल. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो. तेच आम्ल कच्च्या सफरचंदातही असतं. दिवसा छिद्रं मिटून झाड ते आम्ल वापरून संपवतं. म्हणजे मांडवातली ही मंडळी रात्रपाळी करतात, आणि वहिनींची पाळी सुरू होते तेव्हा त्यांची संपलेली असते.

7.00
चूल पेटते. चहा, भाकरी, मुलीचा डबा. गॅस आहे, पण पावसाळ्यात चूल रोज पेटवावीच लागते. त्याचं कारण चुलीमागच्या भिंतीवरच्या फळीवर आहे. तिथे वर्तमानपत्रावर एचेव्हेरियाचे छाटलेले शेंडे ओळीने मांडलेत. धूर कौलांकडे जातो आणि फळीला नुसती ऊब मिळते. बाहेर कपडे तीन दिवस वाळत नाहीत. अशा हवेत कापलेला देठ सुकवायला घरात हीच एक जागा आहे.

"काय गो, माझ्या सुपाऱ्या कुठं ठेवल्यास?" सासूबाई विचारतात. ही फळी आधी त्यांच्या सुपारीची आणि आमसुलांची होती. आता अर्धी अर्धी.

7.50
आता खरं काम. एकेक कुंडी उचलायची, वजन घ्यायचं, खाली ठेवायची. हलकी असेल तर ठीक. जड असेल तर अगरबत्तीची जुनी काडी मातीत तळापर्यंत खुपसायची. काडी कोरडी आली तर पुढे. ओली आली तर ती कुंडी वरच्या पायरीवर, वाऱ्याच्या तोंडाला. जूनपासून वहिनींनी यातल्या बहुतेक कुंड्यांना पाणी घातलेलंच नाही. हवेतच इतकी ओल असते की पानातलं पाणी बाहेर जात नाही. पानातून गेलं नाही तर मुळं मातीतलं ओढत नाहीत. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मग बुरशीला वाट मोकळी होते.

"गिऱ्हाईक म्हणतं, रोज थोडं थोडं घालतो. त्या थोड्या थोड्यानंच मरतात की."

8.40
आज सात झाडं सडलेली निघाली. वहिनी ती ताटात घेऊन ओट्यावर बसतात. एक एचेव्हेरिया वरून बघायला अगदी ठणठणीत, निळसर, पानांवर पांढरा लेप. खालची दोन पानं मात्र काचेसारखी पारदर्शक झालीत. बोट लावलं तर गळून हातात येतात. देठ बुडाशी काळा.

कटरचं पातं स्पिरिटने पुसायचं. देठ बुडाजवळ कापायचा. चकतीच्या मधोमध तपकिरी ठिपका. पातं पुन्हा पुसायचं, तांदळाच्या दाण्याएवढं वर कापायचं. ठिपका लहान झालाय, पण आहे. पुन्हा पुसायचं, पुन्हा कापायचं. चौथ्या कापाला चकती स्वच्छ, फिकट हिरवी निघते. मग खालची पानं डावी-उजवी हलवून अलगद काढायची, बुडाचा डोळा पानाबरोबर यायला हवा. पान मध्येच तुटलं तर त्यापासून रोप होत नाही. कापलेल्या जागेवर बुरशीनाशकाची चिमूट. शेंडा चुलीमागच्या फळीवर, पानं बाजूच्या ताटात. शेंड्याला पापुद्रा धरायला उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतात. आत्ता आठ-दहा लागतात.

सातांपैकी चार शेंडे वाचले. तीन उकिरड्यावर गेले, कुंडीतल्या मातीसकट. ती माती परत वापरत नाहीत. रिकाम्या कुंड्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात. एक कुंडी चार रुपयांना पडते, टाकून कसं चालेल?

10.15
पिठ्या ढेकूण. कापसाचे बारीक कण पानांच्या बेचक्यात बसावेत तसे दिसतात. कानात घालायच्या कापूसकाडीला स्पिरिट लावून एकेक टिपायचा. हॉवर्थियाच्या पानांत काडी शिरत नाही, तिथे रंगाचा सर्वांत बारीक ब्रश. मुलीच्या कंपासपेटीतून तो इथे आलाय, तिला नवा घेऊन दिला. मान खाली घालून तास-दीड तास. मध्ये एकदाच पाठ सरळ करतात.

या झाडांमध्ये सगळ्यांत कमी कटकट हॉवर्थियाची. ती मूळची दक्षिण आफ्रिकेची, झुडपांच्या आणि खडकांच्या सावलीत वाढणारी. रामनगरच्या अंधाऱ्या पावसाळ्यात ती तग धरते. एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोची. तिला लख्ख उजेड लागतो, इथे ती उजेड शोधत मान लांब करते आणि तिचा घाट बिघडतो. गिऱ्हाइकाला मात्र तीच हवी असते, गुलाबासारखी दिसते म्हणून.

11.50
पाऊस उघडलाय. वहिनी टोकाला फडकं गुंडाळलेली काठी घेऊन स्टुलावर चढतात आणि मांडवाचा कागद घासतात. त्यावर शेवाळ धरलंय. ते राहिलं तर असलेला उजेडही आत येत नाही. दर आठ दिवसांनी हे काम. पाणी कोपरापासून काखेत उतरतं. सासूबाई खाली स्टूल धरून उभ्या.

सासूबाई मूळच्या सुप्याच्या. तालुक्याचं ठाणं तेव्हा तिथे होतं. काळी नदीवर धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं, ठाणं जोयड्याला आलं आणि तिथल्या कितीतरी घरांना रामनगरात जागा मिळाली. विहिरीजवळची कोरफड त्यांनी तिकडून आणलेली. तिला मांडव नाही, कागद नाही. चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात उतारावर लावलीय, पाणी पायाशी थांबतच नाही. वहिनी त्या कोरफडीकडे बघूनच शिकल्या. मातीपेक्षा दगड जास्त हवेत, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

1.00
पुन्हा सर. जेवण. उकड्या तांदळाचा भात, तेऱ्याची भाजी, सोलकढी. पानफुटीचं पान पुन्हा चाखतो. आंबटपणा गेलाय. चवच नाही.

2.10
वीज गेलीय. धरण याच तालुक्यात, पण पावसाळ्यात दुपारची वीज धरून चालायचं नाही. हाताच्या कामाला ती लागत नाही. वहिनी ओसरीवर माती करायला बसतात. घर बांधताना उरलेले जांभ्याचे तुकडे घणाने फोडलेले. आधी मोठी चाळण, मग बारीक. हरभऱ्यापेक्षा मोठं ते तळाला घालायचं, ज्वारीएवढं ते मिश्रणात, आणि भुकटी सरळ गडग्याकडे. भुकटी राहिली तर ती भोकं बुजवते. दोन वाटे जांभा, एक वाटा विटेचा चुरा, अर्धा कोळसा, अर्धं पालापाचोळ्याचं खत. नारळाचा भुसा ऑक्टोबरनंतरच, कारण तो पाणी धरून ठेवतो.

पर्लाइट बेळगावात मिळतं, पण परवडत नाही. जांभा फुकट आहे. त्याला लागतो तो घण आणि खांदा.

3.25
फाटकाशी गाडी थांबते. हुबळीकडचं जोडपं, गोव्याला निघालेलं. कानडीत बोलणं होतं. त्यांना सकुलंट नकोत, जंगलातलं ऑर्किड हवंय, झाडावरची सीतेची वेणी. पैसे हवे तेवढे देऊ म्हणतात. वहिनी मान हलवतात. काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल हाकेच्या अंतरावर. तिथून काही काढणं गुन्हा आहे, हे त्या सांगतात, आणि पुढे म्हणतात की काढलेलं ते तुमच्या घरी जगणारही नाही. मला हे दुसरं वाक्य जास्त मोलाचं वाटलं. जगवण्याचं काम जो रोज करतो, त्यालाच ते बोलता येतं.

बाई शेवटी दोन हॉवर्थिया घेतात. साठ रुपयाला एक. "पाणी कधी घालायचं?" "कुंडी उचलून बघायची. हलकी लागली की घालायचं, ते पण तळातून निघेपर्यंत. जड असली तर हात लावायचा नाही."

एकशेवीस रुपये पदराच्या गाठीत जातात.

5.00
उद्या बेळगावला न्यायची चाळीस रोपं निवडायची. नर्सरीवाला पस्तीस रुपयाने घेतो. तिथे ती शंभराच्या पाटीखाली बसतात. एका पानापासून विकण्याजोगं रोप व्हायला सात-आठ महिने लागतात. प्रत्येक कुंडीभोवती कागदाची पट्टी, मग खोक्यात घट्ट, हलायला जागा नाही. एचेव्हेरियाच्या पानांना बोट लावायचं नाही. त्यांच्यावरचा पांढरा लेप पुसला गेला की त्या पानावर परत येत नाही. म्हणून कुंडी कायम बुडाशी धरायची. वहिनींच्या हाताला ती सवय इतकी लागलीय की चहाचा पेलासुद्धा त्या तसाच उचलतात.

जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचं भाडं पडत नाही. त्याआधी भाड्यातच इतकं जायचं की वहिनी महिन्यातून एकदाच जात. आता आठवड्याला जातात. खोक्याचं लगेज तिकीट मात्र लागतं.

6.40
अंधारून आलंय. पानफुटीचं पान चाखतो. जिभेच्या मागे किंचित कडवट. हाइनचं म्हणणं बरोबर होतं.

वाऱ्याची दिशा बघून वहिनी पश्चिमेचा पडदा सोडतात, पूर्वेचा वर गुंडाळतात. छिद्रं आता उघडणार, म्हणून रात्री हवा खेळती हवी. चारही बाजू बंद केल्या तर पाऊस आत येणार नाही, पण सकाळी बुरशी दिसेल.

8.45
मुलीचा अभ्यास झाला. त्याच टेबलावर दोनशे पानी वही उघडते. 1 जूनला 640 कुंड्या होत्या. नव्या लावलेल्या धरून काल 571. आज सडली सात, फाटकाशी विकली दोन. 562. वाचलेले चार शेंडे अजून मोजायचे नाहीत, मूळ फुटलं की मोजायचे.

उद्याचे येणार 1,400. त्यातून कुंड्यांचे 160, माती-खत-पावडरीचे साधारण शंभर, लगेज, स्टँडपर्यंतची रिक्षा, दुपारचं खाणं. हजाराच्या आसपास हातात. लावणीच्या दिवसांत शेतावर गेल्या असत्या तर तीन दिवसांत तेवढे मिळाले असते, पण लावणी महिनाभरच असते. नवरा फोंड्याला कारखान्यात, पंधरवड्याने येतो. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार सासूबाईंच्या नावावर. घरचे कंद आहेत, पण त्यांचे पैसे थंडीत, जोयड्याच्या कंदमेळ्याच्या सुमारास. पावसाळ्यातला रोख पैसा म्हणजे हा मांडव.

9.30
मोबाइलला रेंज खिडकीच्या एकाच कोपऱ्यात. तिथे उभं राहून वहिनी उत्तरं टाइप करतात. एकीच्या जेडची पानं गळतायत, एकीला भेटवस्तूसाठी पंचवीस एचेव्हेरिया लगेच हव्यात. दुसरीला त्या नाही म्हणतात. पाकिटात ओली हवा कोंडते, वाटेतच सडतील. दिवाळीच्या आधी देते.

उद्या सातची बस. त्याआधी गोगलगायी.

कोकणपट्टीत, गोव्यात, घाटमाथ्यावर राहत असाल तर सकुलंट ऑक्टोबरच्या पुढे घ्या. पहिलं झाड हॉवर्थिया किंवा गॅस्टेरिया असू द्या, एचेव्हेरिया नंतर. कुंडीला तळाशी भोक आहे की नाही ते बघूनच पैसे द्या. आणि पहिला पाऊस पडला की पाण्याचा मग दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.