मोबाईलमध्ये हजारो फोटो, पण त्यातले आठवणीत राहणार किती?

बेळगाव : ‘स्टोरेज फुल’ असा मेसेज आला की आपण गुड मॉर्निंगचे फोटो धडाधड डिलीट करतो. त्या घाईत घरचा एखादा मोलाचा फोटोही उडतो. आणि जे उरतात, ते पुन्हा कुणी उघडून बघत नाही. मग एवढे फोटो काढून उपयोग काय?

मोलाचा फोटो कोणता?

तो सुंदरच असेल असे नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. २०२४ च्या कायद्याने पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे झाले. त्यामुळे गणपत गल्लीत सहज काढलेल्या सेल्फीत मागे दुकानाची जुनी मराठी पाटी दिसत असेल, तर तो फोटो आता त्या काळाचा पुरावा आहे. निपाणी भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आजी, तंबाखूची वखार, शिवजयंतीचा चित्ररथ यांचेही तसेच.

२०१९ च्या महापुरात वेदगंगा, दूधगंगा काठची कित्येक घरे पडली. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाखांची मदत जाहीर झाली. पंचनामा सरकारी माणूस करतो हे खरे. पण घर आधी कसे होते, हे दाखवायला जुना फोटोच हाताशी लागतो.

फोटो मुका का राहतो?

फोटोत तारीख आपोआप साठते. लोकेशन चालू असेल तर ठिकाणही. पण फोटोतली माणसे कोण, हे मोबाईलला ठाऊक नसते. पूर्वी फोटोच्या मागे पेनने नावे लिहायचे, ती सवय गेली. त्यात व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची मूळ माहिती निघून जाते. मूळ फोटो हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

एवढे करा

१. महिन्याला दहाच फोटो निवडा. लग्नाचे दोनशे फोटो असतील तर पाच पुरे.

२. गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की खाली लिहायला जागा मिळते. कोण, कुठे, कधी, एवढे मराठीत लिहा.

३. फोटो दाखवून आजी-आजोबांना बोलते करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा.

४. वर्षाचे बारा फोटो घेऊन घरचे कॅलेंडर छापा. पुण्या-कोल्हापूरच्या पाहुण्यांना दिवाळीला द्यायला याहून चांगली भेट नाही.

५. सगळे एकाच ठिकाणी ठेवू नका. गुगलची मोफत जागा १५ जीबीच आहे आणि दोन वर्षे न वापरलेले खाते बंद होऊ शकते. एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, निवडक फोटोंच्या प्रिंट काढा.

घरच्या फोटोंतून इतिहास उभा राहतो, हे मुंबईच्या अनुषा यादव यांनी दाखवून दिले. २०१० मध्ये त्यांनी ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यात लोक घरातला जुना फोटो देतात आणि त्यामागची हकिगतही सांगतात. हकिगत आहे म्हणूनच त्या फोटोला अर्थ आहे.

आपल्याकडे नातवंडे कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. फोटो त्यांच्यापर्यंत पोचेलही, पण त्यातली माणसे कोण हे मराठीत सांगणारे थकत चाललेत. या रविवारी मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ बसा. नावे आत्ताच विचारून घ्या.