बॅटरी वारंवार का उतरते?

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि आतली जाळी लवकर गंजते. दोष या क्रमाने शोधावा.

टर्मिनल : साचलेला पांढरट-हिरवा थर काढून जोड घट्ट करावेत.

पाणी : बॅटरीला बुचे असल्यास पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.

चार्ज : रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. १२ च्या खाली बॅटरी जवळजवळ रिकामी.

अल्टरनेटर : इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. कमी असल्यास बेल्टही तपासावा.

छुपा वापर : गाडी बंद करून काही वेळ गेल्यावरही ५० मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह वाहत असल्यास एकेक फ्यूज काढावा. ज्याने प्रवाह घटेल, त्या सर्किटमध्ये दोष असतो.

सारे ठीक असूनही लोड टेस्टमध्ये व्होल्टेज कोसळल्यास बॅटरी बदलावी.