वळीव आणि आडोसा

वैशाखात आपल्या सोनई परिसरात एखादी दुपार अशी येते, की झाडाचे पानदेखील हलत नाही. अंगाची नुसती काहिली होत असते. तीन-चारच्या सुमारास क्षितिजावर काळे ढग दिसू लागतात आणि बघता बघता आभाळ भरून येते. शेतात काढून टाकलेल्या कांद्यावर कागद टाकायला माणसे धावतात. मग एकाएकी गार वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, पत्रे खडखडतात, वीज कडाडते आणि टपोरे थेंब पडू लागतात. अर्ध्या-पाऊण तासात सारे शांत होते. मात्र तेवढ्या वेळात कुणाचे घर उघडे पडलेले असते, कुणाचा कांदा भिजलेला असतो, तर कुठे झाडाखाली उभा असलेला माणूस घरी परतलेला नसतो. ‘देवाची करणी’ म्हणून आपण गप्प बसतो.

या करणीत निसर्गाचा वाटा किती आणि आपल्या अज्ञानाचा किती, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

आपला भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील घाटघरला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि इकडे पूर्वेला वर्षाची बेरीज कशीबशी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास भरते. त्यामुळे वळवाचे आपल्याला अप्रूप. पण तो येतो मात्र मोसमी पावसाहून अगदी निराळ्या रीतीने. उन्हाने तापलेली जमीन आपल्यालगतची हवा तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. त्याच वेळी समुद्राकडून आलेले बाष्प तिच्यात असले, तर वर गारव्यात त्याचे पाणी होते; पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती हवेला आणखी वर ढकलते. अशा रीतीने ढगांचा मनोरा दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. हाच गर्जनमेघ.

या मेघाच्या पोटात पाणी व बर्फ सारखे वरखाली होत असतात. बर्फाचे बारीक स्फटिक आणि जड गोळ्या एकमेकांवर आदळून विद्युतभार निर्माण होतो; तो साठत जाऊन एका क्षणी वीज होऊन सुटतो. वर चढणारा वारा जोरकस असेल, तर बर्फाची गोळी लवकर खाली पडत नाही. तिच्यावर पाणी गोठत राहते आणि तिची गार होते. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला झोडपणारी गारपीट अनेकांना आठवत असेल.

पाऊस कोसळू लागला, की त्याच्याबरोबर थंड, जड हवाही वेगाने खाली येते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पावसाआधी सुटणारा गार वारा तो हाच. आपण त्याला ‘बरे वाटले’ म्हणतो; वास्तविक तो वादळाचा निरोप्या असतो. तो आला, की हाताशी फारच थोडा वेळ उरतो.

मग हवामानखाते हे आधी का सांगत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर मेघाच्या आकारात आहे. समुद्रावरचे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि दिवसचे दिवस टिकते. 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाची सूचना आधीच मिळाली होती आणि किनाऱ्यावरील हजारो लोकांना हलवता आले. गर्जनमेघ मात्र काही किलोमीटरांचा आणि त्याचे आयुष्य तास-दीड तासाचे. ‘उद्या दुपारी जिल्ह्यात वादळी पावसाची शक्यता’ एवढे सांगता येते. तो सोनईवर बरसेल की घोडेगाववर, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. पावसाची ही जागेची लहर मोठ्या शहरालाही चुकलेली नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला मात्र जेमतेम 73 मिलिमीटर!

तथापि मेघ एकदा तयार झाला, की रडारला तो दिसतो आणि पुढील दोन-तीन तासांचा इशारा देता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना मोबाईलवर देते. म्हणजे शास्त्र आपल्याला दारापर्यंत आणून सोडते. शेवटच्या अर्ध्या तासाचा निर्णय आपला आपणच घ्यावयाचा असतो. आणि नेमकी इथेच आपली चूक होते. आपण पावसापासून आडोसा शोधतो, वादळापासून नव्हे.

13 मे 2024 ची मुंबईतील घटना आठवून पाहा. दुपारी अचानक धुळीचे वादळ उठले. घाटकोपरला एका पेट्रोलपंपावर कोणी पेट्रोल भरायला, तर कोणी वारा-पावसापासून आडोसा म्हणून थांबले होते. शेजारी सुमारे 120 फूट लांब व तितकाच उंच जाहिरातफलक होता. तो त्या पंपावर कोसळला आणि 17 जणांचे प्राण गेले. वारा निसर्गाचा होता. फलक माणसाने उभा केलेला होता. डोक्यावर छप्पर होते, पण त्या छपराच्या वर काय उभे आहे, हे पाहण्याची सवड कोणालाच नव्हती.

आपल्याकडे एवढे फलक नसतील; पण बांधावरचे एकटे लिंबाचे झाड आहे, नुसत्या चार खांबांवरचे पत्र्याचे शेड आहे. देशात अलीकडे दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात आणि त्यांत शेतात काम करणारे पुष्कळ असतात. झाडावर पडलेली वीज झाडापुरती राहत नाही. ती बाजूच्या माणसावर उडी घेते आणि मुळाशी जमिनीतूनही पसरते. भिजू नये म्हणून ज्या झाडाखाली जावे, तेच झाड घात करते. गारा पडू लागल्या, की काही घरांत अंगणात पहार टाकण्याची चाल आहे; श्रद्धेबद्दल वाद नको, पण विजा कडाडत असताना लोखंड हाती घेऊन उघड्यावर जाणे हे धोक्याचेच.

मग आडोसा कोणता? पक्के घर, शाळा, देऊळ, किंवा काचा लावलेली बंद मोटारगाडी. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर हे आडोसे नव्हेत. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर एक क्षणही बाहेर थांबू नये. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. माळावर सापडलोच, तर घोळक्याने न राहता एकमेकांपासून दूर व्हावे, पाय जुळवून उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे पडू नये. वादळानंतर लोंबणाऱ्या तारेच्या जवळही जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसेल, असा समज अजून आहे. तो खोटा आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. अशा माणसाचे हृदय व श्वास बंद पडलेला असू शकतो. ताबडतोब छाती दाबून व तोंडाने श्वास देऊन काही जण वाचू शकतात. भीतीने लांब उभे राहण्यात जी मिनिटे जातात, तीच त्याच्या आयुष्याची असतात.

वाचकहो, हे सर्व आपल्याला वाचून कळेल. पण खुरपणीला गेलेल्या बाईचे काय? आभाळ भरले हे तिला आपल्याआधी दिसते. तरी ती वाफ्यातून उठत नाही, कारण मधेच उठले तर रोज बुडेल ही धास्ती. तिने उठावे की नाही, हे तिच्या हाती नाही. ते शेतमालकाच्या हाती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे. ‘गडगडले की काम बंद, रोज मात्र पुरा’ असे आपल्या वडिलांकडून वदवून घेतले, तर एखाद्या ॲपहून ते अधिक उपयोगी ठरेल. मोबाईल आपल्या खिशात असतो. त्यावरचा इशारा बांधापर्यंत पोचवणे हे आपले काम.

वळीव यायचा तेव्हा येणारच, आणि यावाच. त्याच्यावाचून तापलेली भुई शांत होत नाही. त्याने कधी यावे हे आपण ठरवू शकत नाही. तो येईल तेव्हा आपण, आणि आपल्या शेतात राबणारी माणसे, कोठे असावीत एवढे मात्र आपण नक्कीच ठरवू शकतो.