फोन कानाशी, भीती मात्र टॉवरची

मोबाईलच्या लहरींनी मेंदूचा कर्करोग होतो का, हा प्रश्न दवाखान्यात आजही हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याचा फोन खिशात असतो आणि बोट मात्र समोरच्या गच्चीवरील टॉवरकडे असते. वेगवान इंटरनेट देणारी ‘थ्रीजी’ सेवा आली तेव्हा ही शंका फार बळावली. जपानमध्ये ही सेवा ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे एमटीएनएलने ती डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत आणली आणि २०१० च्या लिलावानंतर खासगी कंपन्याही त्यात उतरल्या. वेग वाढला म्हणजे किरणही वाढले असणार, असा सरळ हिशेब लोकांनी मांडला. प्रत्यक्षात घडले ते उलटेच.

प्रथम लहरींचा स्वभाव पाहू. क्ष-किरण शरीरातील पेशींच्या गुणसूत्रांना इजा करू शकतात, कारण त्यांच्यात तेवढी ऊर्जा असते. मोबाईलच्या लहरी रेडिओच्या जातीच्या. त्यांच्यात रासायनिक बंध तोडण्याएवढे बळ नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे उष्णता, आणि तीही अगदी अल्प. बराच वेळ बोलल्यावर कान तापतो, तो मुख्यतः फोनची बॅटरी व आतील यंत्रणा गरम झाल्याने आणि कान झाकला गेल्याने.

आता थ्रीजीची गोष्ट. जुना टूजी फोन ९०० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त २ वॅटचे झटके देत असे. सरासरी काढली तर ती पाव वॅटच्या आसपास येई. थ्रीजी फोनची कमाल मर्यादाच पाव वॅट किंवा त्याहून कमी. शिवाय टॉवर त्या फोनला सेकंदाला १५०० वेळा सांगत असतो, ‘हळू बोल’ किंवा ‘जरा मोठ्याने बोल’. त्यामुळे टॉवरपर्यंत पोहोचण्यापुरतीच शक्ती तो वापरतो. मोजमापांत असे दिसले, की साध्या बोलण्याच्या वेळी थ्रीजी फोनची सरासरी शक्ती टूजीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढी असते. ज्या फोनला लोक घाबरले, तो कानाला अधिक सौम्य निघाला!

मात्र यात एक मेख आहे. आपल्याकडे थ्रीजीसाठी सुरुवातीला २१०० मेगाहर्ट्झच्या लहरी दिल्या गेल्या. त्या जाड भिंतीतून आत शिरताना लवकर थकतात. त्या काळी लहान गावांत टॉवर विरळ, त्यामुळे माजघरात फोन चाचपडे, पुन्हा टूजीवर घसरे आणि शक्ती वाढवून बोलू लागे. सिग्नलची एकच काडी दिसत असेल, बॅटरी भराभर उतरत असेल, तर फोन जोर लावतो आहे असे समजावे. हा नियम आजच्या फोरजी-फाइव्हजी फोनलाही लागू आहे. अशा वेळी अंगणात येऊन बोलावे, स्पीकर लावावा किंवा वायरचा इयरफोन वापरावा. अंतर दुप्पट केले तर लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. डोक्यापासून वीतभर अंतरानेही मोठा फरक पडतो.

म्हणून टॉवर हटवा, अशी मागणी करणाऱ्यांनी एक विचार जरूर करावा. टॉवर दूर गेला, की गल्लीतला प्रत्येक फोन जास्त जोराने बोलू लागतो. टॉवरचा झोत विजेरीसारखा आडवा दूर जातो, बरोबर खाली तो फार कमी पडतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे. गच्चीवरील अँटेनासमोर अगदी जवळ उभे राहू नये, लहान मुलांना तेथे खेळू देऊ नये, एवढी काळजी पुरे.

कर्करोगाचे काय? मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले. त्या शब्दाने पुष्कळ घबराट झाली. त्याचा अर्थ इतकाच, की पुरावा तोकडा आहे, पण शक्यता पुरती खोडता येत नाही. पुढे २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्याच सांगण्यावरून झालेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांतही नाही. सतत डोके दुखत असेल, सकाळी उलट्या होत असतील, दृष्टी अंधुक होत असेल, तर फोनला दोष देत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र दक्षता घ्यावी. फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये, पेसमेकरपासून निदान सहा इंच दूर असावा. तो डाव्या बाजूला बसवला असेल तर उजव्या कानाने बोलावे. काही नव्या फोनच्या पाठीत चुंबक असते, तो फोन छातीवर ठेवून झोपू नये. टूजीच्या काळात घंटा वाजण्याआधी रेडिओत टर्र टर्र आवाज येई, आठवते? त्याच झटक्यांनी श्रवणयंत्रातही खरखर होत असे. थ्रीजीत लहर सलग असल्याने तो त्रास बराच कमी झाला.

त्याच काळात आली डेटा कार्डे, म्हणजे लॅपटॉपला खोचायचे ‘डोंगल’. लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन्‌तास बसण्याची सवय अनेकांना तेव्हापासून लागली. येथे लहरींपेक्षा शेक वाईट. रोजच्या शेकाने मांडीच्या कातडीवर जाळीसारखे तांबूस-काळपट डाग पडू शकतात. अमेरिकेत २००५ मध्ये २९ तरुणांवर केलेल्या अभ्यासात, तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यास वृषणाजवळचे तापमान अडीच अंशांहून अधिक (सेल्सिअस) वाढलेले आढळले. वीर्यनिर्मितीला थंडावा लागतो. मूल होण्याची वाट पाहणाऱ्यांनी लॅपटॉप टेबलावरच ठेवावा.

आणि लहरींची चर्चा करत मोटारसायकलवर मान वाकडी करून फोनवर बोलणाऱ्यांना काय म्हणावे? गाडी चालवताना फोन वापरल्यास अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कानात इयरफोन असला तरी लक्ष उडायचे ते उडतेच.

नवा फोन घेताना ‘सार’ हा आकडा पाहता येतो. एक किलो शरीरभाग किती वॅट ऊर्जा शोषतो, ते त्यावरून कळते. भारतात त्याची मर्यादा १.६ आहे. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणे दाबली की बहुतेक फोनवर तो दिसतो. मात्र प्रयोगशाळेत फोन पूर्ण जोरावर चालवून तो मोजलेला असतो. त्यामुळे कमी ‘सार’चा फोन तळघरात एका काडीवर बोलताना, जास्त ‘सार’च्या पण टॉवरजवळ असलेल्या फोनपेक्षा अधिक लहरी देऊ शकतो.